भाड्याचा हीटर परत करताना

दिल्लीची कडाक्याची थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची. भाड्याच्या ऑइल हीटरचा करार मात्र वर्षाचाही असू शकतो. समजा, नोव्हेंबरपासून महिना ६०० रुपये भाडे आहे. फेब्रुवारी संपताना आठ महिने, म्हणजे ४,८०० रुपये उरतात. मुदतीआधी परत करण्याचा आकार १,५०० असेल, तर तो भरून टाका, ३,३०० वाचतात. दंड भरणे जिवावर येते खरे, पण वापर नसताना भाडे भरणे त्याहून महाग.

हीटर नेतील तेव्हा त्याचा फोटो काढा, तारखेची पावती घ्या आणि अनामत कधी मिळणार ते लेखी मागा. हिशेब मिटला की यूपीआय ॲपमधला ऑटोपे स्वतः रद्द करा. तो चालू राहिला, तर हीटर गेल्यावरही पैसे कापले जाऊ शकतात. कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते, ती वाचत जा. अनामत अडवून धरली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.