दिव्यांग बालकाच्या अभिव्यक्तीचे साधन : चित्र

ज्या मुलाला बोलता येत नाही त्याच्याजवळ सांगण्यासारखेही फारसे काही नसते, असा समज अद्यापि अनेक घरांत आणि, खेदाने नमूद करावे लागते, काही शाळांतही आढळतो. कर्णबधिर मूल, मेंदूच्या पक्षाघातामुळे जीभ व ओठ ताब्यात नसलेले मूल, स्वमग्न मूल आणि बौद्धिक वाढ मंदावलेले मूल यांच्या अडचणी परस्परांहून अगदी भिन्न आहेत. तथापि भूक, भीती, दुखणे, राग आणि कुतूहल त्या सर्वांना असतेच. ते बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही की मूल हातपाय आपटते, चावते किंवा कोपऱ्यात बसून राहते. आणि मोठी माणसे त्याला हट्टी ठरवून मोकळी होतात. अशा मुलाच्या हाती दिलेला खडू ही केवळ करमणुकीची वस्तू नव्हे.

सतीश गुजराल यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. २५ डिसेंबर १९२५ रोजी झेलम येथे जन्मलेल्या या मुलाला वयाच्या आठव्या वर्षी काश्मीरमध्ये पुलावर अपघात झाला. पायाला दुखापत झाली आणि श्रवणशक्तीही गेली. ऐकू येत नाही म्हणून अनेक शाळांनी त्यास प्रवेश नाकारला. एके दिवशी झाडाच्या फांदीवर बसलेला पक्षी पाहून त्याने त्याचे चित्र काढले. हीच पुढील वाटचालीची पहिली खूण ठरली. १९३९ मध्ये लाहोरच्या मेयो कलाशाळेत आणि १९४४ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. आजारपणामुळे १९४७ मध्ये मुंबई सोडावी लागली. फाळणीची वेदना ज्यांच्या चित्रांत खोलवर उमटली, असे ते पुढे थोर चित्रकार झाले. अर्थात प्रत्येक मूल गुजराल होणार नाही, आणि तशी अपेक्षा धरणे हा त्या मुलावर अन्याय होईल. येथे प्रश्न कलावंत घडविण्याचा नसून निरोप पोचविण्याचा आहे.

हा निरोप कसा पोचतो हे पाहू. समजा, सहा वर्षांची एक कर्णबधिर मुलगी एकाएकी शाळेत जाण्यास नकार देऊ लागली. दटावून, गोंजारून काही उपयोग होत नाही. कागद पुढे ठेवल्यावर ती शाळेची इमारत काढते आणि फाटकाशी इमारतीहूनही मोठा कुत्रा काढते. जाणकार पालक येथे ‘छान’ म्हणून कागद बाजूला ठेवीत नाही. तो स्वतः पेन्सिल घेतो, त्याच कागदावर आपली आकृती काढतो, हातात काठी दाखवितो, मुलीचा हात आपल्या हातात दाखवितो आणि तिच्याकडे पाहतो. ती मान डोलावते, किंवा रागाने ती आकृती खोडून फाटकाऐवजी मागचे दार काढते. एकाने काढावे आणि दुसऱ्याने उत्तरादाखल त्यात भर घालावी, हेच संभाषण. बेळगाव परिसरात किंवा बडोद्यास घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी असते. तेथे तर ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखू पाहणाऱ्या कर्णबधिर मुलावर दुहेरी भार पडतो. फाटकाचे चित्र मात्र दोन्ही ठिकाणी फाटकच राहते.

इमारतीपेक्षा कुत्रा मोठा निघाला म्हणून तो दुरुस्त करावयाचा नसतो. फ्रेंच अभ्यासक ल्युके यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, लहान मूल डोळ्यांना दिसते तसे न काढता त्यास ठाऊक असते तसे काढते. म्हणूनच घराच्या भिंतीआडची माणसेही त्याच्या चित्रात दिसतात. व्हिएन्ना येथे अंध मुलांबरोबर काम केलेल्या व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनाही आढळले की, काही मुलांच्या कामात जो अवयव तीव्रतेने जाणवतो तोच आकाराने वाढतो. चित्रकलेच्या तासाला ज्यास चूक म्हणून गुण कापले जातात, तोच पुष्कळदा निरोपाचा गाभा असतो.

मात्र प्रत्येक चित्र हा निरोपच असतो असेही नाही. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथील नादिया ही स्वमग्न मुलगी साडेतीन वर्षांची असताना बॉलपेनने असे घोडे काढी की प्रौढ चित्रकारही थक्क व्हावेत. लोर्ना सेल्फ यांनी १९७७ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. परंतु त्या घोड्यांद्वारे ती कोणाला काही सांगत होती असे दिसले नाही. पुढे तिला थोडीफार भाषा आली आणि चित्रांतील ते असामान्य कौशल्य ओसरले. या दोहोंचा कार्यकारणसंबंध आहे काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. तेव्हा काळा रंग म्हणजे दुःख, लाल म्हणजे राग, असे ठोकताळे बांधणे टाळावे. डब्यात काळाच खडू शिल्लक असेल!

साधने खर्चिक नसावीत. बोटांची पकड कच्ची असल्यास खडूभोवती चिंधी गुंडाळावी किंवा सायकलच्या मुठीचे रबर चढवावे. कागद चिकटपट्टीने मेजावर पक्का करावा. हात थरथरत असेल तर फळी तिरपी ठेवून पाहावी. अंध मुलासाठी फळीवर डासांची जाळी ताणून तीवर कागद ठेवला आणि मेणखडूने जोर देऊन रेघ ओढली, तर ती बोटांना लागते आणि त्यास आपले चित्र स्वतः तपासता येते. आकृती गिरविण्यास देऊ नये. गिरविलेल्या बदकात मुलाचे स्वतःचे काहीही नसते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये शिक्षणात वाणीस पूरक अशा पर्यायी संपर्कसाधनांच्या वापरास उत्तेजन देणे शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणांवर बंधनकारक आहे. आणखी एक तरतूद शिक्षकांस ठाऊक असावी. बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाच्या २०१२ च्या अधिनियमानुसार, दिव्यांग बालकाचा जबाब नोंदविताना विशेष शिक्षकाचे अथवा त्या बालकाची संपर्काची रीत ठाऊक असलेल्या व्यक्तीचे साहाय्य घेता येते. चित्र हा एकटाच पुरावा ठरत नाही; पण ते काढत असताना कोणी सूचक प्रश्न विचारला, व्यक्तीचे नाव सुचविले किंवा हात धरून रेघ ओढविली, तर मुलाने दिलेली खरी माहितीही संशयास्पद होते. अपराधाची शंका आल्यास शिक्षकाने स्वतः तपास करीत न बसता पोलिसांस कळवावे. तसे कळविणे कायद्याने आवश्यकच आहे.

म्हणून प्रत्येक चित्राच्या मागील बाजूस दिनांक, वेळ, जवळ कोण होते आणि मुलाने कोणत्या खुणा केल्या एवढे लगेच लिहून ठेवावे. अर्थ लावावयाचा असल्यास तो निराळ्या कागदावर लिहावा, चित्रावर नव्हे. वर्गात भिंतीवर लावावयाची चित्रे मुलास विचारून निवडावीत. काही चित्रे त्याने एकाच माणसासाठी काढलेली असतात.