सहा आठवड्यांची जोंगा

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी टोरांटोहून दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मोठा आतेभाऊ. "डिसेंबरात येतोय, सहा आठवडे. भाड्याची गाडी नको करूस. एखादी जोंगा मिळते का बघ. जाताना विकून टाकू." ही शेवटची तीन शब्दांची गोष्ट मी तेव्हा खरी मानली. तेव्हापासून जबलपूरजवळच्या आमच्या शहपुऱ्यात मला गाठून जुन्या गाडीबद्दल विचारणारे बरेच झालेत, म्हणून जे शिकलो ते आकडे घालून लिहितो.

१. पाहुण्याला गाडी कशाला हवी आहे, ते आधी काढून घ्या.

फिरायला हवी असेल तर वॅगन आर बरी. भेडाघाट, धुआंधार, चौसष्ट योगिनी, कुठेही जाते आणि परत येते. दादाला फिरायचं नव्हतं. त्याचे वडील, माझे आतोबा, जबलपूरच्या व्हीकल फॅक्टरीत नोकरीला होते, जोंगा जिथे जोडल्या जायच्या त्याच शॉपमध्ये. जोंगा हे नाव जपानी नाही, आमच्याकडचंच आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली, त्याची आद्याक्षरं. मूळ गाडी निसानची पॅट्रोल, पी ६०. परवाना घेऊन ती १९६९ पासून इथे बनू लागली आणि १९९९ पर्यंत बनत राहिली. चार लिटरला जरा कमी असं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. व्हीकल इस्टेटमध्ये वाढलेल्या पोरांना तिचा आवाज दोन गल्ल्यांवरून ओळखू यायचा. त्यातल्या एकालाही ती कधी चालवायला मिळाली नाही, कारण तेव्हा सगळ्या फौजेत जायच्या. दादा आता बासष्टचा आहे.

हे मला तो आल्यावर कळलं. आधी विचारलं असतं तर गाडी सरळ त्याच्यासाठी निवडली असती. मी मात्र 'लांबच्या प्रवासाला बरी पडेल' असा हिशेब करत बसलो होतो. जोंगा लांबच्या प्रवासाला बरी पडत नाही.

२. आधी कागद, मग गाडी.

फौजेने काढून टाकलेल्या गाड्या लिलावात जातात. त्यात एक मेख आहे. जी गाडी भंगार म्हणून विकली गेली तिची रस्त्यावर आणण्यासाठी नोंदणीच होत नाही, मग ती कितीही गोड वाजो. पहिल्या दोन जोंगा मी याच कारणाने सोडल्या. त्यातल्या एकीचा मालक मला समजावत होता, "अरे भैया, धोनी साहब वाली गाड़ी है, कौन रोकेगा?" धोनीने २०१९ मध्ये जोंगा घेतल्यापासून आमच्याकडे प्रत्येक गंजलेल्या जोंगाचा तो दूरचा नातेवाईक झालेला आहे.

तिसरी रांझीत मिळाली. नोंदणी झालेली, एमपी २० नंबरची, पंधरा वर्षांनंतर फिटनेस होऊन पाच वर्षांसाठी नूतनीकरणही झालेलं. मी खूश. चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली, छाप आरसीशी जुळली. पैसे दिले, सगळेच्या सगळे. घरी येऊन चष्मा लावून आरसी वाचली, तर नाव विकणाऱ्याचं नव्हतंच. त्याच्या वडिलांचं होतं. वडील जाऊन चार वर्षं झालेली. विमाही त्यांच्याबरोबरच संपलेला.

आता यात काय होतं ते सांगतो, कारण हा घोळ गावोगाव आहे. नेहमीच्या विक्रीला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्याने चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने तीस दिवसांत अर्ज करायचा. पण मालक वारला असेल तर आधी फॉर्म ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर चढते, तेही तीन महिन्यांच्या मुदतीत करायचं असतं. भावंडं असतील तर त्यांची संमती लागते. आमच्या विक्रेत्याला तीन बहिणी, एक सुरतेला. वारसाच्या नावावर झाल्यावर मग २९ आणि ३०. म्हणजे एका गाडीचे दोन प्रवास, आणि दोन्ही कागदांवर. दोष कोणाला देऊ? चष्मा माझ्या खिशात होता.

निम्मे पैसे हाताशी ठेवले असते तर सुरतेची बहीण लवकर सापडली असती, एवढं मात्र खात्रीने सांगतो.

३. रंगावरून भांडू नका.

दादाची पहिली फर्माईश: "फौजी हिरवा करून ठेव." ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज कोणालाच चालत नाही, मोटार वाहन नियमांत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसरा कुठला रंग दिला तरी आरसीवर तो नोंदवावा लागतो. आमची आरसीवर 'ग्रे' होती, तशीच राहू दिली.

४. त्या गाडीवर हात काळे केलेला मिस्त्री शोधा.

आमच्याकडे हे सोपं आहे. फॅक्टरीतून निवृत्त झालेले पुष्कळ. आम्हाला मिळालेले चाचा बॉनेट उघडायच्या आधी गाडीभोवती एक चक्कर मारून खाली बसले आणि पानं हाताने हलवून पाहिली. पानं म्हणजे सस्पेन्शनच्या पाट्या. मग म्हणाले, "इंजन तो बोलता रहेगा. ब्रेक से पूछो." ब्रेकचा मास्टर सिलिंडर गेलेला होता. पेट्रोलची रबरी नळीही बोटाने दाबल्यावर चिकट लागली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. सगळ्या नळ्या बदलल्या.

५. पत्त्यात जिल्हा ठळक लिहा.

मास्टर सिलिंडर दिल्लीहून निघाला आणि दिंडोरी जिल्ह्यातल्या शहपुऱ्याला पोचला. आम्ही शहपुरा-भिटौनीवाले. नऊ दिवस गेले.

६. कागद होईपर्यंत शेत आहे.

दादा आला तेव्हा गाडी उभी, कागद सुरतेत. सडकेवर काढायची नाही, यावर मी अडून बसलो. विमा नसताना कोणाला धक्का लागला तर? मग ती मटाराच्या शेतात फिरली. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत मटाराची धामधूम असते, तोडणीच्या बायका बांधावर बसून दादाला पाहायच्या. पॉवर स्टिअरिंग नाही, गिअर टाकताना खांदा लागतो. पहिल्या दिवशी त्याने ती दोनदा चरात घातली. चार आठवडे तो रोज सकाळी तास-दीड तास त्या वाटेवर जायचा, यायचा. भेडाघाट आम्ही वॅगन आरने केला. वहिनी त्यावर खूश होती.

७. टाकीत काठी घालून पाहा.

पाचव्या आठवड्यात फॉर्म ३१ चं काम झालं, माझा अर्ज गेला, विमा निघाला. दादाचं आंतरराष्ट्रीय लायसन्स होतंच. सकाळी सातला निघालो, आत्याला घेऊन, व्हीकल इस्टेटला. शहपुऱ्यातून बाहेरही पडलो नव्हतो, तेवढ्यात गाडी दोन आचके देऊन थांबली. पेट्रोल संपलं होतं. पेट्रोलचा काटा अर्ध्यावर होता, तो बहुधा विकणाऱ्याच्या वडिलांच्या वेळेपासून तिथेच असावा. बाजूला भिटौनीच्या डेपोतून निघालेल्या टँकरांची रांग. सगळ्या भागाला पेट्रोल पुरवणाऱ्या गावात आम्ही डबा घेऊन पंपावर चालत गेलो. एका टँकरवाल्याने हात जोडून विचारलं, "अंकल, कुछ मदद करें?"

८. म्हातारी माणसं बसणार असतील तर पाट बरोबर घ्या.

जोंगा उंच आहे. चौऱ्याऐंशीची आत्या पाटावर पाय ठेवून चढली, आणि चढल्यावर डॅशबोर्डवर हात फिरवत म्हणाली, "घरी आले की ह्यांच्या शर्टाला हाच वास यायचा." दादाने चावी फिरवली. जुन्या क्वार्टरसमोर तिने उतरायला नकार दिला. गाडीतच बसून राहिली, इंजिन चालू ठेवायला सांगून. लिटरला चार-पाच किलोमीटर देणारी गाडी वीस मिनिटं जागेवर चालू होती आणि मी, हिशेब लिहिणारा माणूस, गप्प बसलो.

९. "विकून टाकू" हे खरेदीच्या आधी ठरवू नये.

माझ्या नावाची आरसी मार्चमध्ये टपालाने आली. दादाला जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता. गेल्या महिन्यात नरसिंहपूरकडचं एक गिऱ्हाईक आलं. पोरगं जाणकार होतं, बॉनेटऐवजी आधी पानं पाहिली. आम्ही घेतली त्याच्याहून वीस हजार जास्त द्यायला तयार. मी आणखी ऐंशी हजार वाढवून सांगितले. तो माझ्याकडे जरा वेळ बघत राहिला, नमस्कार करून गेला.

रात्री दादाचा फोन. "काय झालं?"

"भाव जमला नाही," मी म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि नळ्या पुन्हा तपासल्यास का ते विचारू लागला.