एमसीबी पडतो, मोठा बसवू का?

प्रश्न : गिझर, एसी आणि इस्त्री एकत्र चालली की १६ अँपिअरचा एमसीबी पडतो. वायरमन ३२चा बसवा म्हणतो. बसवू का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच नको. एमसीबी भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो. हिशेब पाहा : ३००० वॅटचा गिझर भागिले २३० व्होल्ट, म्हणजे १३ अँपिअर. दीड टनी एसीचे साधारण ८, हजार वॅटच्या इस्त्रीचे ४. झाले २५! पाइपातून गेलेली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण २० अँपिअर सोसते. ३२चा एमसीबी २५ला पडणारच नाही. वायर मात्र तापत राहील आणि आवरण कडक होऊन तडकेल.

गिझर आणि एसीला बोर्डापासून वेगवेगळी वायर ओढा. गिझरला अडीचची वायर व १६चा एमसीबी पुरे. एसीला चारची वायर आणि २०चा, ‘सी’ प्रकारचा. कॉम्प्रेसर सुरू होतानाचा झटका तो सोसतो. वीजबिलावरचा मंजूर भारही तपासा. आणि शॉकपासून एमसीबी वाचवत नाही, त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. न्हाणीघरात गिझर असताना तो टाळू नका.