सक्शनची गळती टपकत नाही!

फ्लुइड मेकॅनिक्सच्या व्हायवाला "पंपाच्या सक्शन बाजूला दाब किती?" असा प्रश्न आला, तेव्हा मी "वातावरणापेक्षा कमी, सर" असं ठोकून दिलं आणि मार्कही मिळवले. त्या वाक्याचा अर्थ मात्र कळला तो तापोळ्याच्या रस्त्यावर. त्याची फी पडली ६० लिटर पाणी!

माझ्या मामाने जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन केली आहे. मागे बेड, छोटा ओटा, सिंक. गाडीच्या पोटाखाली १०० लिटरची टाकी आणि सीटखाली १२ व्होल्टचा डायफ्राम पंप. या पंपाला प्रेशर स्विच असतो. नळ बंद केला की पाइपातला दाब वाढतो, अडीच-तीन बारला स्विच पडतो आणि पंप "टक" करून गप्प बसतो. नळ उघडला की परत चालू.

एप्रिलमध्ये गुड फ्रायडेची सुट्टी जोडून मामा, मामी, आजी आणि मी निघालो. महाबळेश्वरहून तापोळ्याकडे उतरताना एका शेतकऱ्याला विचारून त्यांच्या पडीक वावरात मुक्काम टाकला. रात्री आजीने हात धुवायला नळ उघडला तर फुस्स! थोडं पाणी, बरीच हवा. आणि नळ बंद केला तरी पंपाची घरघर काही थांबेना.

"तू मेकॅनिकलची ना गं?" मामी म्हणाली. झालं, इज्जतीचा सवाल!

मी मल्टिमीटर लावला. पंप चालू असताना त्याच्या टोकाशी १२ व्होल्ट, म्हणजे बॅटरी आणि वायर निर्दोष. नळाची जाळी काढून धुतली. मग टॉर्च घेऊन एकेक जॉइंट हाताने चाचपला. सगळे कोरडे ठणठणीत! "गळती नाही," मी निकाल दिला, "टाकीच्या तोंडाशी कचरा अडकलाय." मामाने बिचाऱ्याने विश्वास ठेवून टाकीचा ड्रेन उघडला. उरलेलं सगळं पाणी वावरात गेलं. टाकीत कचरा बिचरा काही नव्हता.

सकाळी बादल्या घेऊन झऱ्यावर गेलो. या डोंगरांना एवढे झरे का, हे थोडं सांगते. वरच्या पठारावर जांभ्याची टोपी आहे. जांभा सच्छिद्र. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला काही जांभ्यातून खाली मुरतो. खाली चिकणमातीचा थर आणि काळा कातळ लागला की पाण्याची वाट अडते. मग ते आडवं सरकत उतारावर बाहेर पडतं. पण जांभ्याच्या भेगांतून पाणी भराभर उतरतं, गाळलं फारसं जात नाही. त्यामुळे कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच प्यावं. त्या उंचीवर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं, पण जंतू मरायला तेवढं पुरतं. आणि झऱ्याच्या वरच्या अंगाला शौचाला जाऊ नये, साबण तर नकोच. आपण वर जे करू ते खाली कुणाच्या तरी हंड्यात येतं.

झऱ्याशी १४ हंडे रांगेत होते. मी घड्याळ लावलं : १० लिटरची बादली भरायला ५० सेकंद, म्हणजे मिनिटाला १२ लिटर. तिथल्या एका मावशींना विचारलं, "आम्हाला शंभर लिटर हवं होतं, चालेल?"

"पानी घ्या की, पर आधी आमचं हंडं भरू द्या." मग माझ्याकडे बघत म्हणाल्या, "रातच्याला तुमच्या गाडीखालनं वहाळ वाहत व्हता, त्ये पानी कुठलं म्हनायचं?"

हंडा साधारण १५ लिटरचा. ६० लिटर म्हणजे चार हंडे. मी मान खाली घालून रांगेत उभी राहिले आणि शेवटी दोनच बादल्या भरून आणल्या.

आता पाणी इतकं मोजकं होतं की डोकं चालवणं भाग पडलं. पंपाची सक्शनची नळी टाकीपासून सोडवली, फिल्टरही बाजूला काढला आणि पंपाला छोटी नळी जोडून ती थेट बादलीत सोडली. नळाखाली तीच बादली, म्हणजे थेंबही वाया नाही. पंपाने दहा सेकंदांत पाणी उचललं, नळ बंद करताच "टक"! म्हणजे पंप ठीक, दोष टाकी आणि पंपाच्या मधे. (ही टेस्ट रात्री टाकी रिकामी करण्याआधी करायची असते, हे चाणाक्ष वाचकांनी ओळखलं असेलच.)

मग फिल्टर परत लावला, नळी बादलीत ठेवूनच. घरघर सुरू! फिल्टरच्या पारदर्शक वाटीत बुडबुडे नाचत होते. वाटीच्या कडेला मामाच्या शेव्हिंगचा फेस लावला, तर एका जागी तो आत ओढला गेला. वाटीची रबरी ओ-रिंग वाळून तडकली होती. टाकीतून अर्धा मीटर पाणी वर खेचताना तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा ५ किलोपास्कलने तरी कमी. मग पाणी बाहेर कशाला येईल? हवाच आत शिरणार. रात्री मी ओल शोधत होते आणि जॉइंट कोरडा होता, कारण तो गळत नव्हता, पीत होता!

तात्पुरता इलाज सायकलच्या जुन्या ट्यूबचा. पट्टी कापून वाटीच्या सांध्याभोवती ताणून गुंडाळली. डिलिव्हरीच्या बाजूला असती तर तीन बारने उडवून लावली असती. इथे मात्र बाहेरची हवाच तिला दाबून धरते. फिल्टर सरळ काढून टाकायचा मोह झाला होता, पण मग वाळूचे कण पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये अडकतात आणि पंपच जातो.

दोन बादल्या टाकीत ओतल्या, आजीने नळ उघडला, हात धुतले, बंद केला. टक. मग सिंकखालचं सांडपाणी आम्ही डब्यात धरून वावराच्या बांधावरच्या आंब्याला घातलं. ते बघायला त्या मावशी नव्हत्या, याचं मला उगाच वाईट वाटलं.

असो. ओ-रिंग परतताना वाईला एका पंपवाल्याकडे पंधरा रुपयांना मिळाली. मी दोन घेतल्या.