काँक्रीटचं स्टेशन, पण सिमेंट नको

प्रश्न : लंडनजवळच्या चेसिंग्टन शाखेवरील स्टेशनाचं १:७६ मापाचं मॉडेल करतोय. खरं सिमेंट वापरू का?

उत्तर : सिमेंटच्या वाटेला जाऊ नका. वाळूचा एक मिलिमीटरचा कण या मापात ७६ मिलिमीटरचा धोंडा होतो! स्टायरीन शीट घ्या. १९३८-३९मध्ये सुरू झालेल्या या स्टेशनांची खरी शान म्हणजे फलाटावरचं काँक्रीटचं कमानदार छत. पुढच्या कडेला खांबच नाहीत, वर गोल काचा. शीट नळीवर घट्ट बांधून उकळत्या पाण्यात धरा, गार झाल्यावरच सोडा. काचांच्या जागा आधी आखा, पण भोकं वाकवल्यानंतर पाडा. नाहीतर ती लंबगोल होतात. रंग नुसता करडा नको, त्यात किंचित पिवळट छटा हवी. पावसाचे ओघळ मात्र बेताने. हौसेपायी बरेचजण स्टेशनाचे भग्नावशेष करून ठेवतात.