मागच्या चाकाची घरघर

पावसाळा संपत आला की ठाणे-कल्याण परिसरातील सायकल दुरुस्तीच्या दुकानांत एक तक्रार हमखास येते : मागचे चाक घरघरते. उल्हास आणि वालधुनी नद्यांच्या काठच्या सखल वस्त्यांना पुराचा अनुभव नवा नाही. 26 जुलै 2005 रोजी कल्याणने तो फार मोठ्या प्रमाणावर घेतला. एरवीही रेल्वे स्थानकांबाहेर उघड्यावर उभ्या असलेल्या सायकली चार महिने भिजतच असतात. हबमध्ये पाणी शिरले की ग्रीस निघून जाते आणि पोलादी छर्रे गंजू लागतात.

हा प्रश्न केवळ कर्कश आवाजापुरता नाही. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील मागास तालुक्यांतील मुलींना शाळेसाठी सायकली देण्यात आल्या. अशी सायकल 'नादुरुस्त' म्हणून पडवीत टेकली, की त्या मुलीच्या वाट्याला पुन्हा पायपीट येते. म्हणून शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांनी ही तपासणी समजून घेणे अगत्याचे आहे.

आवाज कोठून येतो यापेक्षा तो केव्हा येतो, हे प्रथम पाहावे. पायडल मारतानाच येत असेल आणि पाय थांबताच बंद होत असेल, तर दोष बहुधा साखळीत, पायडलात किंवा मधल्या दांड्याच्या बेअरिंगमध्ये असतो. पाय थांबवल्यावरची टिकटिक फ्रीव्हीलची असून ती स्वाभाविक आहे. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात एकदाच घासल्याचा आवाज येत असेल तर रिम वाकडी झालेली असते. पायडल मारा अथवा न मारा, चाक फिरेपर्यंत घरघर चालूच राहिली, तर मात्र संशय हबवर घ्यावा. प्रस्तुत लेखकाने एकदा ही साधी परीक्षा न करता कारागिराच्या सांगण्यावरून नवी साखळी बसवून घेतली. पैसे गेले, घरघर राहिली!

खात्रीसाठी मागचे चाक उचलून हाताने फिरवावे व दुसरा हात सीटवर ठेवावा. छर्रे खराब असल्यास खरखर हाताला जाणवते. नंतर रिम धरून चाक डावी-उजवीकडे हलवावे. खटखट हालले तर कोन सैल झाला आहे, किंवा आक वाकला वा मोडला आहे. आक मोडल्याची शंका आली तर सायकल चालवू नये.

नेहमीच्या काळ्या सायकलीच्या मागच्या हबमध्ये दोन्ही बाजूंस पाव इंची नऊ-नऊ छर्रे असतात. एखादाच छर्रा बदलू नये. सर्व एकदम बदलावेत. हब रॉकेलने धुऊन, पूर्ण वाळवून ग्रीस भरावे. वरून नुसते तेल सोडल्याने आवाज आठवडाभर दबतो, पण उरलेले ग्रीस पातळ होऊन वाहून जाते. कोनावर खड्डे दिसले तर कोन बदलता येतो. वाटीतच खड्डे पडले तर बहुधा हबच बदलावा लागतो, म्हणजे चाळीस स्पोक काढून चाक नव्याने बांधणे आले. किरकोळ खर्चाचे काम मोठ्या खर्चावर जाते ते येथेच.

चेकनट आवळताना कोन किंचित सरकतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा तपासावे. साखळी उतरवून चाक अधांतरी धरले असता व्हॉल्व्हच्या वजनाने ते हळूहळू फिरून व्हॉल्व्ह खाली येऊन थांबला आणि चाक आडवे हलले नाही, तर कोन योग्य बसला.