हजेरी लावायचं गाव

लष्कर, ग्वाल्हेर
ज्येष्ठ शुद्ध दशमी

चि. सौ. रेवास,


फोनवर नीट बोलणं झालं नाही. तू प्रश्न विचारत होतीस आणि मागून वहिनीच उत्तरं देत होती, म्हणून सवडीने लिहायला बसले. इथल्या विद्यापीठातली नोकरी पक्की झाली, जुलैत पुणे सोडून रुजू व्हायचंय, जावईबापू घरून काम करणार, मुलीची शाळा बघायची आहे, एवढं कळलं. ‘दोन-तीन वर्षं काढू, मग बघू’ असंही तू म्हणालीस. माझं बरंचसं सांगणं या एका वाक्याबद्दल आहे.

आधी वहिनीची भीती. ग्वाल्हेर म्हटलं की तिला चंबळ दिसते आणि चंबळ म्हटलं की घोड्यावरचे डाकू. तिला सांग, मुरैना जिल्ह्यातल्या जौऱ्याला जयप्रकाश नारायणांच्या साक्षीने डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली ती १९७२ साली, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी. बंदुकीचा शौक मात्र या मुलखाचा अजून सुटलेला नाही. वरातीत हवेत गोळ्या झाडणारे महाभाग आजही निघतात. वरात दारावरून जाऊ लागली की गच्चीत उभं राहून बघायचं नाही, आत यायचं. बाकी भ्यायचंच तर इथल्या हवेला भ्यावं. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारी लू वाहते आणि रस्ते ओस पडतात. जानेवारीत उलटा प्रकार. हाडं गोठवणारी थंडी, दाट धुकं आणि दिल्लीकडून येणाऱ्या गाड्या तासन्‌तास उशिरा. पुण्याची एक पातळ दुलई आणि एक पंखा यावर इथला संसार चालत नाही. कूलर आणि जाड रजया यांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेव. पाणी येतं तिघऱ्याच्या धरणातून. पाऊस कमी झाला की उन्हाळ्यात ते एक दिवसाआड सोडायची वेळ येते, तेव्हा घर बघताना खोल्या मोजण्याआधी टाकी किती मोठी आहे ते विचार.

घर कुठे घ्यावं असं विचारलंस. लष्करात महाराजवाड्याच्या आसपास राहिलीस तर चालत चालत सगळं मिळेल. भाजी, सराफा, कापड, सकाळची बेडई-जलेबी, शिवाय हाकेच्या अंतरावर मी. पण गल्ल्या अरुंद, गाडी लावायला जागा नाही आणि तुला रोज गाव ओलांडून जावं लागेल. सिटी सेंटर किंवा थाटीपूरकडे घरं मोकळी, विद्यापीठ जवळ, मात्र शेजारी तुझ्यासारखेच बाहेरून आलेले. पहिलं वर्ष तिकडेच भाड्याने राहा. इथल्या फ्लॅटच्या किमती ऐकून पुण्याच्या माणसाला लगेच विकत घ्यायची घाई होते, ती आवर. सगळे ऋतू काढल्याशिवाय सही करायची नाही.

आता ते ‘दोन-तीन वर्षं’. अगं, हे अख्खं लष्करच तसं वसलं आहे. दौलतराव शिंद्यांनी उज्जैन सोडून १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. त्या तळाचं शहर झालं आणि नाव लष्करच राहिलं. सैन्यासोबत सरदार आले, चिटणीस आले, पुजारी, वैद्य, आचारी आले. परत जायचा विचार त्यांनीही केला असेल. आज फालके बाजार, पाटणकर बाजार, चिटनीस की गोठ, शिंदे की छावनी हे इथले पत्ते आहेत आणि ते सांगणाऱ्या रिक्षावाल्याला त्यात मराठी काही वाटत नाही. पुढे संस्थान गेलं, मध्य भारत झाला, ग्वाल्हेर त्याची हिवाळी राजधानी झाली. १९५६ त मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली. समजूत घातल्यासारख्या काही कचेऱ्या इथे राहिल्या. महालेखाकार, राजस्व मंडळ, परिवहन आयुक्त, शिवाय उच्च न्यायालयाचं खंडपीठ. तुझ्या आतोबांची नोकरी त्यातल्याच एका कचेरीतली. म्हणजे मोठेपण येताना आणि जाताना या गावाने दोन्ही पाहिलं आहे. त्याला पुण्यापुढे लहान वाटत नाही आणि तू तसं बोललीस तर ते खपवूनही घेणार नाही. जनगणनेच्या आकड्यात २०११ साली हे गाव साडेदहा लाखांच्या घरात होतं, पुणे त्याच्या जवळजवळ तिप्पट. हा हिशेब मनात ठेव, तोंडावर आणू नकोस. ‘आमच्याकडे पुण्यात’ या दोन शब्दांनी सुरू होणारं वाक्य पहिल्या वर्षी अजिबात उच्चारू नकोस.

पुण्यात तुझी बहुतेक कामं पैसे मोजून होतात. किराणा, जेवण, गाडी फोनवरून मागवायची सोय इथेही आली आहे, तेव्हा वरवर फरक जाणवणार नाही. तो जाणवतो अडचणीच्या दिवशी. सणाच्या सुट्टीत पाण्याची मोटर जळाली, रात्री पोरीला ताप भरला, सरकारी कागद कुठल्या टेबलावर अडकलाय ते कळेना, अशा वेळी इथे काम होतं ते ओळखीने. वशिला म्हणत नाही मी. माणूस ओळखीचा असला की तो उठून येतो, इतकंच. आणि ही ओळख फुकट मिळत नाही, तिच्यासाठी हजेरी लावावी लागते. शेजारी कुणी गेलं तर तेरवीला जायचं. बोलावलेल्या लग्नाला रात्री अकराला जेवण वाढलं तरी थांबायचं. दुकानात गेलीस की दोन मिनिटं बसायचं, खुशाली विचारायची, मग सामान सांगायचं. वेळ वाया जातोय असं तुला पहिले सहा महिने वाटेल. हा इथला हप्ता आहे असं समज. तो नियमाने भरणाऱ्याला गरजेच्या दिवशी पुन्हा अर्ज करावा लागत नाही.

याला दुसरी बाजू आहे, तीही ऐक. ज्या गावात तुला सगळे ओळखतात तिथे तुझं सगळं सगळ्यांना कळतं. जावईबापू दिवसभर घरी असतात म्हणजे त्यांना नोकरी नाही, असा निष्कर्ष गल्लीत आठवड्यात निघेल. तू रात्री उशिरा आलीस, बाजारातून काय आणलंस, सासूबाई का येत नाहीत, या सगळ्यावर मतं असतील. चिडून उपयोग नाही आणि प्रत्येकाला खुलासा देऊनही नाही. जे कळायला हरकत नाही ते तू आपणहून, हसत, आधीच सांगून टाक. जे सांगायचं नाही ते कुणालाच सांगू नकोस, अगदी मलासुद्धा. माझ्याकडेही भिशीच्या बायका येतात.

मराठी माणसांचं विचारलंस. आहेत, पण तुझ्या कल्पनेतले नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या घरांमधली मराठी हिंदीच्या अंगाने चालते आणि मुलं आपापसांत हिंदीच बोलतात. त्यांच्या मराठीला हसू नकोस. १९६१ चं मराठी साहित्य संमेलन याच गावात झालं आणि संमेलनाच्या इतिहासात पहिल्यांदा एक स्त्री, कुसुमावती देशपांडे, अध्यक्षपदी बसल्या त्या इथे. राजकवी भा. रा. तांबे संस्थानातल्या मुंगावलीत जन्मले आणि १९४१ साली ग्वाल्हेरातच वारले. महाराष्ट्रापासून इतकं दूर राहून ज्यांनी घरात मराठी टिकवली, त्यांच्या चुका काढायचा अधिकार तुला-मला नाही. गणपतीत, हळदीकुंकवाला या घरांमध्ये जरूर जा. पण तेवढ्यातच अडकू नकोस. बाहेरून आलेली मराठी कुटुंबं दर रविवारी एकमेकांकडे जमून चितळ्यांच्या बाकरवडीच्या आठवणी काढत बसलेली मी पाहिली आहेत. तशी वर्षं जातात आणि गाव मात्र अनोळखीच राहतं. तुझी शेजारीण हिंदीत बोलेल, मध्येच ‘हओ’ म्हणेल. तिच्याशी आधी मैत्री कर. मुलीशी घरात मराठीच बोल. हिंदी तिला गल्लीच शिकवेल, तुझ्यापेक्षा चांगली.

गाणं तुला लहानपणापासून आवडतं, म्हणून हे वेगळं सांगते. पुण्यात तू जो ख्याल तिकीट काढून ऐकतेस, त्याची एक मोठी वाट इथूनच गेली. हद्दू-हस्सू खाँच्या या गावात बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेकडून शिकायला आले, वासुदेवबुवा जोशींकडे राहिले आणि ती गायकी घेऊन महाराष्ट्रात परतले. विष्णू दिगंबर पलुसकर त्यांचेच शिष्य. तेव्हा इतक्या लांबच्या गावी जाऊन मागे पडायला होईल असं जे तुला वाटतंय, ते एकदा बुवांच्या बाजूने बघ. मुलीला गाणं शिकवायचं असेल तर शंकरराव पंडितांच्या नावाचं, १९१४ मध्ये सुरू झालेलं गांधर्व महाविद्यालय आहे. १९१८ चं, भातखंड्यांनी उभं केलेलं माधव संगीत महाविद्यालय आहे. डिसेंबरात तानसेन समारोह असतो. सुरुवातीला ढोलीबुवांच्या मठाची हरिकथा आणि मिलाद दोन्ही होतात, मग मोठमोठे कलाकार गातात-वाजवतात. तिकीट नाही. हजिऱ्याला समाधीच्या आवारात जाऊन बसायचं, रजई अंगावर घेतलीस तरी कुणी हसणार नाही. २०२३ त युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून मान दिला त्याचं कौतुक आहेच. पण फलक लागले म्हणून गाव गात नाही, ऐकायला जाणाऱ्यांमुळे गातं. तिथेही हजेरी लाव.

आता जे इथे नाही ते. दुसरी नोकरी सहज मिळत नाही. तुझं बरं आहे, पण जावईबापूंच्या कंपनीने उद्या कचेरीत बोलावलं तर त्यांच्या कामाची कंपनी इथे शोधून सापडणं कठीण. या गावाला तो धडा माहीत आहे. बिर्लांची जियाजीराव कापड गिरणी नव्वदच्या दशकात बंद पडली, तेव्हा हजिरा-बिर्लानगरची घरंच्या घरं एका पगारावर उभी होती ती बसली, आणि कामगारांचं देणं वर्षानुवर्षं रखडलं. म्हणून तुम्ही दोघं एकाच्या पगारात भागेल असा खर्च ठेवा, दुसरा शिल्लक टाका. मोठ्या दुखण्याला इथले लोक दिल्ली गाठतात. ती सव्वातीनशे किलोमीटरवर आहे, भोपाळपेक्षा जवळ, आणि वेगवान गाड्या भरपूर आहेत. पुण्याला झेलम आणि गोवा एक्सप्रेस जातात. पण दिवाळीचं तिकीट आरक्षण उघडेल त्या सकाळीच काढावं लागतं. वहिनी आणि दादांना वर्षातून एकदा महिनाभर इकडेच बोलावून घे, दिवाळीनंतरच्या हवेत. सारखं तुम्हीच धावत गेलात तर इथली हजेरी चुकेल आणि तिथलीही पुरी पडणार नाही.

शेवटी, दोन वर्षांनी परत जायचं ठरवलंस तर खुशाल जा. मी अडवणार नाही. पण ती दोन वर्षं खोकी न उघडता काढू नकोस. पडदे लाव, मतदार यादीत नाव घाल, वाचनालयाची वर्गणी भर, गावचा मेळा लागला की पोरीला ने, एखाद्या समितीत काम अंगावर घे. पाहुणी म्हणून राहिलीस तर गाव तुला चहा पाजील आणि बाजूला बसवील. घरची म्हणून राहिलीस तर कामाला लावील. तू दुसरं निवड. त्रास जास्त आहे, पण परत जाताना आपण दोन वर्षं कुठे होतो हा प्रश्न तुला पडणार नाही.

गाडीची तारीख कळव. पहिले आठ दिवस जेवण आमच्याकडेच, त्यात चर्चा नाही. जावईबापूंना आशीर्वाद, छोटीला पापा.

तुझी,
आत्या